सेताराची बेगमी

तारनाक्याच्या मार्केटात कैऱ्या फोडणारे येऊन बसले, की आमच्याकडे उन्हाळा खरा सुरू होतो. त्याआधी असतं ते नुसतं ऊन. लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली जाडजूड कत्ती, तिच्याखाली कैरी, खाडकन एक आवाज, आणि कोयीसकट दोन भकलं. बायका घरून स्टीलची पातेली घेऊन रांगेला उभ्या. तेलुगू बायकांना त्यांच्या आवकाय लोणच्यासाठी कोयीच्या कवचासकट मोठ्या फोडी हव्यात, आम्हा मराठी बायकांना आमच्या लोणच्यासाठी बारीक, आणि फोडणारा दोघींवर सारखाच खेकसतो. इतक्या पिढ्या हैदराबादेत काढल्यावर आमच्या घरात दोन्ही लोणची होतात. शिवाय पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट. गच्चीवर पाऊल टाकायला जागा नसते. याला आपल्याकडे छान शब्द आहे, बेगमी. पुढचं वर्ष येणार आहे, आपण इथंच असणार आहोत आणि तेव्हाही आपल्याला भूक लागणार आहे, अशी खात्री असलेली माणसंच बेगमी करतात, असं मला पूर्वी वाटायचं.

यंदा मी अजून मार्केटात गेले नाही. घरात कुरबुर सुरू झाली आहे. "कवाचं बघू लागलो, उठूच नाही लागलीस," हे म्हणाले. "चांगल्या कैऱ्या गेल्यावर आमच्या नावानं ओरडशील." ह्यांना लोणच्याशिवाय घास उतरत नाही, म्हणून ही काळजी. मी नुसतं हो हो म्हणाले. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा कोपऱ्यावरूनच तो कैरीच्या चिकाचा वास आला होता, आणि मी दूध न घेता परत आले होते.

त्या वासाला माझ्या डोक्यात एक बाई चिकटलेली आहे. तिचं नाव सेतारा.

मी रेल्वेच्या दवाखान्यात जन्मभर बाळंतपणं केली. निवृत्त झाले तेव्हा हात रिकामे राहिले, आणि माझ्यासारख्याच रिकाम्या हातांच्या काही मंडळींनी एक जुनी व्हॅन घेऊन शहराच्या दक्षिण टोकाला जायला सुरुवात केली होती, त्यांत सामील झाले. तिथं पहाडीच्या पायथ्याशी, एका मोकळ्या प्लॉटवर, बर्मातून आलेल्या रोहिंग्यांची वस्ती होती. त्यांची गावं जाळली, गोळ्या घातल्या, म्हणून ही माणसं नदी ओलांडून एका देशात आणि तिथून आपल्या देशात आली. आम्ही दर बुधवारी जायचो. एक टेबल, एक वजनकाटा, बीपीचं यंत्र, औषधांची खोकी. याला आमच्यातले काही जण 'मानवतेची सेवा' म्हणत. त्या शब्दांनी माझ्या अंगावर काटा यायचा. उकाड्यात बसून लोकांच्या जिभा बघणं, यात मोठं काय आहे?

उकाडा मात्र खरा होता. बांबू, पत्रे, आणि त्यावर फ्लेक्स. हैदराबादेत कोचिंग क्लासवाले निकाल लागले की पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आकडे घालून फ्लेक्सवर छापतात. ते उतरले की भंगारात जातात, आणि वस्तीतले पुरुष भंगाराचंच काम करत. त्यामुळे बहुतेक झोपड्यांना आतून छत होतं ते चष्मा लावलेल्या हुशार पोरांच्या चेहऱ्यांचं. दुपारी बायका-मुलं खाली आडवी पडून त्या चेहऱ्यांकडे बघत राहायची. ऊन त्या फ्लेक्समधून झिरपायचं आणि सगळ्यांची तोंडं निळसर दिसायची. सुकी मासळी, जळकं प्लास्टिक आणि सुपारी यांचा एक मिळून वास होता. तो माझ्या साडीला घरापर्यंत यायचा.

सेतारा पहिल्यांदा आली तेव्हा तिचे दिवस पोटावर दिसायला लागले होते. बरोबर सासू. सासूला सगळी वस्ती खाला म्हणायची, म्हणून मीही. खालाचा जबडा सुपारीवर सदैव चालू. सेतारा लहानखुरी, बोलताना तोंडावर पदर घेणारी, पण डोळे थट्टेखोर. इतकी वर्षं इथं राहून आमची दखनी उर्दू तिला चांगली यायला लागली होती. मी बीपी घेतलं आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा घेतलं. बिघडलं नव्हतं.

गरोदर बाईचं बीपी असं चढलं की मला झोप लागत नाही. पाय सुजतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं काजवे येतात, आणि मग एखाद्या दिवशी झटके. झटके आले की आई आणि मूल दोघांचंही काही खरं नसतं. मी तिला हे सगळं सांगितलं. भीतीच घातली म्हणा ना. रोजच्या गोळ्या दिल्या, सरकारी प्रसूती रुग्णालयात नाव घालून दिलं, आणि मीठ बंद केलं.

"नमक पूरा बंद, अम्मा?"

"पूरा."

"फिर कैरी कैसे खाना?"

तिला कैरीचे डोहाळे लागले होते. तिच्या घरामागं म्हणे आंब्याचं झाड होतं, कैऱ्या दगडानं ठेचून मीठ-मिरची लावून खायच्या. "नुसती खा," मी म्हणाले. तिनं तोंड असं केलं की खालासुद्धा हसली. पुढच्या बुधवारी गेले तर सेतारा दारात बसून एक कैरी नुसती हुंगत होती. नवऱ्यानं आणून दिलेली. नखानं देठाशी टोकरायची, चीक बोटाला लावायची आणि हुंगायची. "खाती नै, अम्मा. बास लेती सो है," असं मला लांबूनच ओरडून सांगितलं तिनं. आणि खरोखर तिनं मिठाचा कण खाल्ला नाही. खालानं सुनेसाठी अळणी कालवण वेगळं करायला सुरुवात केली होती.

तरी बीपी उतरेना. मी गोळी वाढवली. पुढच्या बुधवारी तेवढंच. आणखी वाढवली. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी घरी येऊन जुनी पुस्तकं काढून बसले. ह्यांनी विचारलं, "आता कोणत्या परीक्षेला बसू लागलीस?" मी त्यांच्यावरच डाफरले. काय चुकतंय ते कळेना.

एका बुधवारी मी तिच्या झोपडीत गेले आणि गोळ्या दाखव म्हटलं. सेताराचा चेहरा उजळला. मधल्या बांबूला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा टांगला होता, तो तिनं काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरला. आत माझ्याच गोळ्यांच्या पट्ट्या. अर्ध्या कापलेल्या, रबरबँडनं नीट बांधलेल्या, वर कडुलिंबाचा पाला. आपल्या बायका आल्यागेल्याला लोणच्याच्या बरण्या दाखवतात ना, अगदी तशी ती मला दाखवत होती.

"ये क्या है सेतारा?"

"आपने दी सो गोलियाँ, अम्मा."

"खाई नै?"

"आधी खाती, आधी रखती. आपने जास्ती दिए तो जास्ती रखी." आणि मग मी मठ्ठ विद्यार्थी असल्यासारखी समजावणी: "फिर भागना पड़ा तो?"

मी ओरडले. माझा स्वभावच तसा आहे. मरायचं आहे का, पोराला मारायचं आहे का, असं काय काय बोलले. सेतारा डबा छातीशी धरून उभी राहिली. खाला उठली, बाहेर जाऊन पिंक टाकून आली आणि माझ्यासमोर बसली.

"चिल्लाओ मत, डाक्टरम्मा. इसकी पहली बच्ची रास्ते में गई. गाँव जला तो भागे. नदी के किनारे नाव के वास्ते बैठे थे. बच्ची को बुखार था, पूरा बदन तपता था. इत्ते लोग थे, किसी के पास एक गोली नै थी. अब ये गोली देखती तो खाती नै, रखती."

बाहेर पत्र्यावर कुणीतरी काहीतरी वाळत घालत होतं. मी खाली जमिनीवर बसले. तेव्हा हवी होती ती तापाची गोळी आणि ही बीपीची, हे सांगण्यात काय अर्थ होता?

मला अण्णा आठवले. माझे वडील नामपल्लीला एका वकिलाकडे कारकून होते आणि आम्ही अंबरपेठेत राहायचो. अण्णांच्या खाटेखाली एक खादीची पिशवी असायची. तोंड शिवलेली. आत एक तांब्या, धाबळी, गुळाचा खडा आणि कुनैनच्या गोळ्या. दर उन्हाळ्यात, आई मोहरी कुटायला बसली की, अण्णा त्या पिशवीची शिवण उसवत, जुना गूळ आम्हाला देत, गोळ्या फेकून नव्या भरत आणि दाभणानं पुन्हा शिवत. रझाकारांच्या दिवसांत त्यांचं कुटुंब गाव सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूच्या छावणीत जाऊन राहिलं होतं. अण्णा तेव्हा पोरगेले होते. तिथं काय झालं ते कधी बोलले नाहीत. आम्ही भावंडं त्या पिशवीला 'पळापळीची पिशवी' म्हणायचो आणि फार चिडवायचो. "अण्णा, आता कोण येऊ लागलंय?" असं विचारलं की ते म्हणत, "कुणी नाही. असू दे." पुढं मोठी झाल्यावर कळलं, की आमचे लोक परत आल्यावर कित्येक गावांतून उलट्या दिशेनंही माणसं, मुसलमान माणसं, जीव घेऊन पळाली होती. त्यांच्याही खाटांखाली अशा पिशव्या असतीलच. अण्णा गेले त्या वर्षीसुद्धा पिशवीतल्या गोळ्या नव्या होत्या.

त्या बुधवारी घरी येऊन मी ह्यांच्या जुन्या पँटचं कापड काढलं आणि मशीनवर एक पिशवी शिवली. दुसऱ्या बुधवारी सेतारासमोर ती भरली. बीपीच्या गोळ्या, तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या साखर-मिठाच्या पुड्या. मग सुईदोरा घेऊन तिच्या देखत तोंड शिवून टाकलं, पक्कं, अण्णांसारखं.

"ये भागने का," मी म्हणाले. "इसको हाथ नै लगाना. भागना पड़ा तोच खोलना. और डिब्बे में का रोज खाना. पूरा. समझी?"

"भागना पड़ा तोच," ती म्हणाली आणि पिशवी हातात घेऊन तिचं वजन बघितलं. मग तिनं डब्यातली गोळी काढली आणि माझ्यासमोर गिळली. पिशवी बांबूला टांगली गेली, चष्मेवाल्या एका हुशार पोराच्या चेहऱ्याखाली.

आणि बीपी उतरलं. आधी थोडं, मग चांगलंच. पायांची सूज ओसरली. मला इतका आनंद झाला की परत येताना व्हॅन थांबवून मी सगळ्यांसाठी मुंजल घेतले, ते पाणीदार ताडगोळे, आणि ह्यांच्यासाठी वेगळे बांधून आणले. जन्मभराच्या डॉक्टरकीत मला कधी स्वतःचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं. त्या वर्षीचं लोणचंही फार सुरेख झालं होतं. सेताराला मी कबूल केलं होतं, बाळंतीण झालीस की मीठ लावलेली कैरी मी स्वतः आणीन. तोवर कैऱ्या संपतील, अशी तिची तक्रार होती. मग लोणचं आणीन, म्हटलं.

पुढच्या बुधवारी आमची व्हॅन वळली आणि ड्रायव्हरनं ती मध्येच थांबवली. प्लॉट सपाट झाला होता. मालकानं जमीन विकली होती म्हणे, आणि नव्या मालकाला ती रिकामी हवी होती. बांबू नाही, पत्रे नाहीत. जेसीबीच्या चाकांच्या खुणा, आणि मातीत अर्धा गाडलेला एक फ्लेक्स. पलीकडचा चहावाला म्हणाला, भांडण-बिंडण काही नाही झालं, मुकाट्यानं सामान बांधलं आणि गेले. काही जण शहरातच कुठंकुठं, काही नामपल्ली स्टेशनावरून गाडीत बसून उत्तरेकडं, नातलगांच्या वस्तीवर. सेताराच्या नवऱ्याचा फोन बंद होता. त्यांच्या हातातली सिमकार्डं त्यांच्यासारखीच, आज आहेत तर उद्या नाहीत. मी औषधांचं खोकं मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसून राहिले. मनाची समजूत घातली, की पिशवी आहे तिच्याजवळ. वेळ येईल म्हणून तर शिवून दिली होती. त्या विचारावर मी महिनेच्या महिने काढले. लोकांना सांगितलंसुद्धा.

टीव्हीवर युद्धं चालू असतात. नकाशे, बाण, स्टुडिओत बसून तावातावानं बोलणारी माणसं. कुठलं ना कुठलं गाव पडतं, कुठलं परत घेतलं जातं. हे बातम्या लावून जेवायला बसतात, आणि मला त्या नकाशांवर कुठंच डबे दिसत नाहीत, बांबूला टांगलेले. युद्ध थांबलं असं कुणीतरी जाहीर करतं आणि सगळे हात झटकून मोकळे होतात. ज्यांच्या अंगावरून ते गेलं त्यांच्यात ते गोळ्या वाचवत बसलेलं असतं. अण्णांच्या खाटेखाली ते म्हातारपणापर्यंत बसलं होतं, आणि आम्ही त्याला हसत होतो. आम्ही औषधं वाटतो. औषध घ्यायला आधी उद्यावर भरवसा लागतो, तो आमच्या खोक्यात नसतो.

गेल्या बुधवारी आम्ही एका दुसऱ्या प्लॉटवर गेलो. नवे फ्लेक्स, तेच बांबू. टेबल मांडलं आणि ओळीत मागं खाला दिसली. आणखी वाकलेली, पण जबडा चालू. तिच्या कडेवर एक मुलगी. मुलीच्या हातात कैरीची फोड, मीठ लावलेली, आणि ती चोखत तोंड वेडंवाकडं करत होती. डोळे थट्टेखोर. मला काही विचारावं लागलं नाही. तरी मी विचारलं.

खालानं सांगितलं ते सरळ सांगितलं. इकडं परत येण्याआधी ते उत्तरेला होते; तिथल्या वस्तीवर जागा मिळाली, पण दवाखाना नव्हता, कुणी येत नव्हतं. डब्यातल्या गोळ्या सेतारानं रोज खाल्ल्या, एकही न चुकवता, आणि मग त्या संपल्या. डोकं दुखायला लागलं. पाय सुजले. डोळ्यांपुढं काजवे येऊ लागले. पिशवी डोक्यावरच टांगलेली होती.

"मैं बोली, खोल. लड़का भी बोला. नै बोली. डाक्टरम्मा बोली ना, भागना पड़ा तोच. मैं बोली, भागकेच तो आए. तो हँसी. बोली, ये भागना है क्या, अम्मी? ये तो घर बदले सो है. टिकट लेके, बैठके आए. गोली नै चली, घर नै जला. भागने की अभी बाकी है."

झटके आले तेव्हा नवरा भंगाराच्या कामावर होता. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. मूल वाचलं.

 मागची बाई नंबरासाठी पुढं सरकली, तिला कुणीतरी थांबवलं. मला फक्त एवढंच दिसत होतं, की त्या बाईनं जगात कुणाचं ऐकलं असेल तर माझं. मीठ सोड म्हटलं, सोडलं. हात लावू नको म्हटलं, लावला नाही. मी भीती तिच्या डब्यातून काढली आणि छान पिशवीत शिवून परत तिच्याच डोक्यावर टांगली. औषध चुकलं असतं तर पुस्तकात शोधलं असतं. हे कुठं शोधू?

खालानं पदराखालून पिशवी काढून टेबलावर ठेवली. ह्यांच्या पँटचं करडं कापड मळून काळं झालं होतं. टाके तसेच होते, माझे.

"तारीख निकल गई होंगी, डाक्टरम्मा," ती म्हणाली. "नए डालके देओ. इसके वास्ते." आणि मुलीला कडेवर सावरलं.

मी कात्रीनं शिवण उसवली. जुन्या पट्ट्या काढल्या, ज्यांतली एकही फोडलेली नव्हती. बीपीच्या गोळ्यांची आता कुणाला गरज नव्हती. मुलीच्या मापाचं तापाचं औषध भरलं, पुड्या भरल्या. खालाला मी पुन्हा पुन्हा सांगितलं, ताप आला की लगेच खोलायची, भागण्याची वाट बघायची नाही, संपलं की दुसरं देईन, दर बुधवारी देईन. तोंड शिवायची माझी इच्छा नव्हती. पण पोरं खेळायला काढतात म्हणून ती ऐकेना. तेव्हा मी सुईत दोरा ओवला आणि लांब लांब, सैल टाके घातले, एका हिसक्यात निघतील असे.

खालानं पिशवी घेतली. मान तिरपी करून शिवण बघितली, बोट घालून ताणून बघितली. मग ती माझ्यासमोर परत ठेवली.

"कच्चा है, अम्मा," ती म्हणाली. "पक्का सिओ."

मुलगी कैरीची फोड चोखत माझ्या हातांकडं बघत होती. मी दोरा ओढून काढला आणि दुहेरी करून पुन्हा ओवला.